कपाटामागचा दरवाजा

मित्रांनो, घरात शिरताना ज्याच्याकडे कुणी पाहत नाही आणि रागावून बाहेर पडताना जो न चुकता आपटला जातो, असा मी एक जुना दरवाजा आहे. ग्वातेमालाच्या डोंगरात सान हासिंतो नावाचे गाव आहे. तिथल्या खालच्या आळीत, धुण्याच्या हौदासमोर, ओतिलियाच्या घराला मी बसवलेला आहे. माझे वय बावन्न. माणसाच्या मानाने हे फार वाटणार नाही, पण माणसाला बावन्न वर्षे उन्हापावसात एका बिजागरीवर उभे करून पाहावे.

मी गंधसरूचा. शलमोन राजाच्या नावावर जी प्रेमगीते पवित्र शास्त्रात आहेत, त्यांत आमच्या घराण्याचा आदराने उल्लेख आहे. वनखात्याचा एक माणूस मागे म्हणाला होता की तो गंधसरू निराळा आणि हा निराळा. पण घराण्याच्या गोष्टी वनखात्याला विचारू नयेत.

मला घडवले क्रेसेन्सियो सुताराने. तो ओतिलियाचा बाप. साधे टेबल सांगितले तर तो आठ महिने घेई, मग मला त्याने दोन वर्षे घेतली यात नवल नाही. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. एक दिवस ती ज्या दारातून सासरी जाणार ते दार बेताचे असून चालणार नाही, असे त्याचे म्हणणे. त्याने माझ्यावर डाळिंबे कोरली. डाळिंब त्याने फक्त चर्चमधल्या चित्रात पाहिले होते, म्हणून ती थोडीशी कांद्यांसारखी दिसतात. तरी लग्नसमारंभाला आलेले पाहुणे माझ्यावरून हात फिरवत आणि म्हणत, वा, काय कांदे कोरलेत. क्रेसेन्सियो मान खाली घालून आभार मानी.

सतरा वर्षे मी मानाने काम केले. मग मागणीचे गुरुवार आले.

मित्रांनो, आमच्या गावाची रीत तुम्हाला सांगितली पाहिजे. इथे मुलीला मागणी घालायला तीनदा यावे लागते. पहिल्या गुरुवारी, संध्याकाळच्या घंटेला, मुलाकडचे येतात, दार ठोठावतात आणि मुलीचे गुण गातात. आतून कोणी हूं की चूं करत नाही. मंडळी गोड पावांची टोपली उंबऱ्यावर ठेवून निघून जातात. दुसऱ्या गुरुवारी पुन्हा तेच. तिसऱ्या गुरुवारी दार उघडते, आणि आतली माणसे, एवढा वेळ ऐकूच आले नाही असा चेहरा करून, सगळ्यांना चॉकलेट प्यायला देतात. तोवर कोको शेजारणीकडून दळून आणलेला असतो. पण लगेच दार उघडणे म्हणजे मुलगी घराला जड झाली असे सांगण्यासारखे, म्हणून दोनदा गप्प बसायचे. ह्याला आमच्याकडे मान म्हणतात.

ओतिलिया तेवीस वर्षांची असताना तिला मागणी घालायला आला तो फिदेन्सियो. डोंगरापलीकडच्या सान इसिद्रोचा, मधमाश्या पाळणारा. दरवर्षी कांदेलारियाच्या, म्हणजे मेणबत्त्यांच्या सणाच्या आधी तो चर्चला मेण आणून देई. मेणबत्त्या मोजून रचून ठेवण्याचे काम ओतिलियाकडे. त्या मेणबत्त्या कधीही इतक्या नव्हत्या की मोजायला दोन माणसांना तीन तास लागावेत, पण दोन वर्षे तेवढे तास लागत होते, आणि गावाने त्याबद्दल काही विचारले नाही.

पहिल्या गुरुवारी फिदेन्सियो आपल्या मामाला घेऊन आला. इथेच चूक झाली. मागणीची भाषा बोलायला मुलीच्या गावचा एखादा जाणता माणूस घ्यावा, म्हणजे रीतीभाती कळतात. पण मामा फुकट होता आणि त्याला बोलायची हौस होती. तो अर्धा तास बोलला. आत ओतिलिया खुर्चीवर, हसू येऊ नये म्हणून दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती.

दुसऱ्या गुरुवारी मामा आणखी बोलला. तो थकून बाजूला झाल्यावर फिदेन्सियोने माझ्यावर तळवा टेकवला. मेणाचा वास येत होता हाताला. तो काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. आणि आतल्या बाजूने, नेमक्या त्याच फळीवर, ओतिलियाने कपाळ टेकले होते. मधे मी होतो, दीड इंच जाडीचा.

मित्रांनो, दरवाजाला दोन तोंडे असतात, पण एकही बोलत नाही. त्या संध्याकाळी ह्याचे मला जेवढे वाईट वाटले तेवढे पुढे वाळवी लागली तेव्हाही वाटले नाही.

तिसऱ्या गुरुवारी घर झाडून पुसून लख्ख केले. ओतिलियाने नवा, लाल पाखरांच्या विणीचा ब्लाउज घातला, केस धुतले, पाय धुतले. शेजारच्या कासिल्दाने कोको दळून दिला. सहा पेले मांडले. घंटा झाली. कोणी आले नाही. चॉकलेटवर साय धरली, क्रेसेन्सियोने ते गरम केले. पुन्हा साय धरली, पुन्हा गरम केले. चौथ्या गुरुवारीही पेले मांडले होते, आपलाच वार चुकला असेल असे म्हणून. पाचव्या गुरुवारी क्रेसेन्सियोने काही न बोलता भिंतीकडचे मोठे कपाट ओढले आणि माझ्या पुढ्यात उभे केले.

न आलेल्या माणसाला का आला नाहीस असे विचारायला जाणे ही आमच्या गावात फार मोठी नामुष्की. गप्प राहिलेल्या घराला का गप्प राहिलात असे विचारणे ही, मागाहून कळले त्याप्रमाणे, त्यांच्या गावात त्याहून मोठी. दोन्ही गावे अत्यंत सभ्य होती. भांडणांनी जेवढे संसार मोडले नसतील तेवढे सभ्यतेने मोडले आहेत.

तेव्हापासून पस्तीस वर्षे मी दरवाजा नव्हतो, भिंतच होतो म्हणा. जा-ये स्वयंपाकघराच्या दाराने होई. ते दार म्हणजे चार फळकुटे, त्याला धड कडीही नाही, पण सगळे पाहुणे त्याच्याकडे. एका धरणीकंपात माझी चौकट तिरकी झाली, बिजागऱ्या गंजल्या, खालून वाळवीने थोडी चव पाहिली. क्रेसेन्सियो वारला, त्याला बाहेर नेले तेही स्वयंपाकघरातून. आतल्या बाजूला माझ्यासमोर कपाटाची पाठ. कपाट हा अतिशय कंटाळवाणा शेजारी असतो. पोटात सगळे काही असते, बोलत काही नाही.

बाहेरच्या बाजूने मात्र मला दरवर्षी जानेवारीत मेण लादलेले खेचर दिसे. फिदेन्सियो हौदाच्या पलीकडच्या कडेने जाई. त्याचे लग्न झाले, मुले झाली, बायको गेली, मुले राजधानीत गेली, हे सगळे मला त्याच्या चालीवरून आणि हौदावरच्या बायकांच्या बोलण्यावरून कळत गेले. जाताना तो माझ्याकडे एकदा पाही. मी काय करणार? मी माझे कांदे दाखवत उभा राही.

ओतिलिया गावाची धर्मशिक्षिका झाली. पोरांना प्रार्थना शिकवायची, आणि गुरुवारी दुपारी घरी बायकांची बैठक घ्यायची. बैठकीत शास्त्राचा एकेक भाग वाचायचा आणि तो आपल्याला काय सांगतो ते प्रत्येकीने बोलायचे. बारा वर्षांत त्यांनी सगळे शास्त्र वाचून काढले, एक छोटे पुस्तक सोडून. प्रेमगीतांची ती आठ प्रकरणे आली की ओतिलिया पाने उलटून पुढे जाई. तिचे म्हणणे असे की लग्न झालेल्यांना त्यांची गरज नाही आणि न झालेल्यांना त्यांचा उपयोग नाही.

नव्या फादरांनी हे बैठकीच्या वहीत पाहिले. ते तरुण होते आणि वह्या वाचत असत. त्यांनी निरोप पाठवला की मेणबत्त्यांच्या सणाआधी ते पुस्तक वाचून व्हावे, कारण देवाने माणसाला इतक्या प्रेमाने दुसरीकडे फारसे बोलावलेले नाही.

त्या गुरुवारी सहा बायका आल्या होत्या. ओतिलियाने चष्मा लावला आणि सुरुवातीलाच निकाल दिला. नवरा म्हणजे देव, नवरी म्हणजे आपला आत्मा, बाकी सगळे वर्णन आहे, आता प्रार्थना करू.

कासिल्दाने हे चालू दिले नाही. कासिल्दा आमच्या आळीत तामाल, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेले मक्याच्या पिठाचे मुटके, विकते. तिच्या थोरल्या मुलीची ओतिलिया धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतात. ह्या नात्याने तिला वाटेल ते बोलायचा परवाना आहे.

"थांब, कोमाद्रे," ती म्हणाली. "तो तिच्या केसांना शेळ्यांचा कळप म्हणतो. देव आपल्याला शेळ्या म्हणतो का?"

ओतिलिया म्हणाली की हे प्रेमाने म्हटलेले आहे.

"आणि दात म्हणजे लोकर कातरलेल्या मेंढ्या, एकही हरवलेली नाही. मग माझं काय? माझ्या तर चार मेल्या."

बायका हसल्या. ओतिलियाही हसली असावी, कारण पुढचे तिने वाचले. मग तो भाग आला. रात्री प्रियकर दारावर येतो, ठोठावतो, उघड म्हणतो. ती म्हणते, आता कपडे बदलले, आता पाय धुतले, पुन्हा कशी मळवू? मग ती उठते, कडी काढते, आणि तो निघून गेलेला असतो. हे वाचताना ओतिलियाचा आवाज हळूहळू बसत गेला.

"ही बाई आपल्याच गावची दिसते," कासिल्दा म्हणाली. "तिसऱ्यांदा येईल म्हणून वाट बघत बसली."

पुन्हा हशा झाला. तेव्हा कोपऱ्यातून दोमितिला बोलली. ती नवी सून, सान इसिद्रोची, तोवर बैठकीत एक शब्द बोलली नव्हती. तिने विचारले, तिसऱ्यांदा म्हणजे काय? बायकांनी तिला आमची रीत सांगितली. ती ऐकून घेत राहिली.

"आमच्याकडे असं नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे दोनदा दार उघडलं नाही, की झालं उत्तर. तिसऱ्यांदा जायचं म्हणजे मुलीला छळायचं. पुरुषाने गुमान परतायचं आणि कुठल्या दाराशी गेलो होतो ते मरेपर्यंत सांगायचं नाही. नाहीतर मुलीचं नाव खराब होतं."

मला आतले दिसत नव्हते, कपाट आड होते. पण ऐकू सगळे येत होते, आणि त्या घरात इतकी शांतता मी क्रेसेन्सियो गेला त्या दिवशीही ऐकली नव्हती. कासिल्दासुद्धा गप्प होती. कोको तिनेच दळला होता.

"सगळ्या सान इसिद्रोत असंच?" ओतिलियाने विचारले.

"सगळीकडेच, बाई. दुसरं कसं असेल?"

पुस्तक मिटल्याचा आवाज आला. त्या दिवशी शेवटची प्रार्थना झाली नाही.

बायका गेल्यावर ओतिलिया कपाटासमोर येऊन बसली. कपाटावर पवित्र मरियेची मूर्ती असते, तिची प्रार्थनेची जागा तीच. त्यामुळे पस्तीस वर्षे तिच्या प्रार्थना आधी मला ऐकू आल्या आहेत. त्या नेहमी पाठ केलेल्या असत. ही नव्हती.

"देवा, त्याला मी काय म्हणू? त्याला कुणी सांगितलंच नाही. आणि मी कुणाला विचारलं नाही," ती म्हणाली. "पण तुझं काय? तूसुद्धा कितीदा आलास. मी म्हणायचे, येऊ दे अजून एकदा, मग उघडू. मला वाटायचं, ह्याला मान म्हणतात."

मी लाकूड आहे. तरीही.

पुढे तिने काही केले नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या धर्मशिक्षिकेने डोंगर ओलांडून एका विधुराला रीतिरिवाजांचा खुलासा करायला जायचे, हे तिला जमणारे नव्हते. खेचर येईल, हौदाच्या पलीकडून जाईल, आणि सगळे तेवढ्यावरच राहील, हे मलाही दिसत होते. फिदेन्सियोने आता वय झाल्यामुळे पुढच्या वर्षीपासून मेण पुतण्याकडून पाठवायचे ठरवले होते, असे हौदावर बोलले जात होते.

पण कासिल्दा धर्मशिक्षिका नव्हती. मेण उतरवून झाल्यावर फिदेन्सियो तिच्या पाटीपुढे तामाल खायला बसला, तेव्हा तिने त्याला सगळे सांगितले. सहा पेले, लाल पाखरे, साय, पुन्हा साय, चौथा गुरुवार. त्याने तामाल अर्धा टाकून दिला. आपल्या तामालाचा हा एकच अपमान कासिल्दाने आजवर माफ केला आहे.

दुपारचे ऊन माझ्यावर होते. तो हौदाच्या पलीकडून निघाला आणि ह्या बाजूला आला. टोपी काढली. ठोठावले.

मित्रांनो, पस्तीस वर्षांनी कुणी माझ्यावर ठोठावत होते. थोडी भुकटी पडली.

आत ओतिलिया स्वयंपाकघरात मक्याचे पीठ मळत होती. समोरच्या दारावर कोण येणार? तिचे हात थांबले. मग ती धावत आली, कपाटापाशी. पण कपाट ओढायचे तर आधी मरिया माता खाली ठेवायला हवी, आणि तिच्या बाबतीत घाई करता येत नाही. मग मेणबत्त्या. मग फुलदाणी. मग बापाचा फोटो. तिचे हात पिठाने भरलेले, एकेक वस्तू ती दोन बोटांनी उचलत होती.

त्याने दुसऱ्यांदा ठोठावले.

कपाट हलेना. तिने खांदा लावला. ते एक वीत सरकले, मग आणखी एक. बाहेर त्याला फक्त काहीतरी घासल्याचा आवाज आला असेल, तो उंदरांचाही असू शकतो. त्याने टोपी हातात फिरवली. दोनदा ठोठावून झाले होते. त्याच्या गावच्या रीतीप्रमाणे त्याला उत्तर मिळाले होते, पस्तीस वर्षांपूर्वीचेच. त्याचा एक पाय रस्त्याकडे वळलेला मी पाहिला.

त्याच वेळी आत कपाट बाजूला झाले. तिने कडी काढली, मला धरून ओढले, आणि मी उघडलो नाही.

बावन्न वर्षांत माझ्याकडून झालेली ही सर्वांत लाजिरवाणी गोष्ट. ज्या एका कामासाठी मला दोन वर्षे घडवले ते काम समोर उभे, आणि मी तिरक्या चौकटीत दात आवळून बसलो. ती ओढत होती, मी कुरकुरत होतो. बाहेर दुसरा पायही वळला.

मग ओतिलियाने ते केले जे सान हासिंतोत दाराआडच्या कुठल्याही मुलीने कधी केले नव्हते. ती बोलली.

"अहो, जाऊ नका. दार अडकलंय."

पाय थांबले.

"काय?"

"दार अडकलंय म्हणते. नाही म्हणत नाहीये मी. तेव्हाही म्हणत नव्हते."

मग माझ्यावर तळवा टेकला.

"मग ढकलू का?"

"ढकला. आणि हळू नका ढकलू."

त्याने खांदा लावला, तिने ओढले, आणि मी उघडलो. माझी वरची बिजागरी तुटली, एक डाळिंब फुटले, आणि साठीचा माणूस तिच्या पिठाने भरलेल्या हातांवर जवळजवळ आडवा झाला. मला जराही दुखले नाही. म्हणजे दुखले, पण असे दुखण्याची मी वाट पाहत होतो.

सांगण्यासारखे इतके होते की कुणालाच सुरुवात सापडेना.

"कासिल्दा म्हणाली, साय धरली होती," तो म्हणाला.

"काढून टाकली," ती म्हणाली. "बसा. नवीन करते."

पुढचे थोडक्यात सांगतो. फादर सारखी लग्नाची तारीख विचारतात. ओतिलिया म्हणते, आधी पुस्तक वाचून होऊ द्या. फिदेन्सियो दर गुरुवारी डोंगर उतरून येतो आणि बायकांच्या बैठकीत मागे बसतो. त्याने माझी चौकट सरळ केली, खालच्या कडेला रंधा मारून दिला, पितळी बिजागऱ्या बसवल्या. फुटलेले डाळिंब तसेच ठेवा, असे ओतिलिया म्हणाली. आता ते डाळिंबासारखे दिसते.

आणि तो अर्धा राहिलेला भाग तिने पुढच्या बैठकीत पुरा केला. ह्या वेळी कपाट मधे नव्हते, म्हणून मला तिचा चेहराही दिसला.

"एवढी वर्षं मी हिला वेंधळी समजत होते," ती म्हणाली. "उशीर केला, आणि तो गेला. पण पुढे वाचा. ती घरात बसत नाही, रस्त्यावर जाते, लोकांना विचारते, मार खाते. आणि तो रुसून गेलेलाच नसतो, बायांनो. तो त्याच्या बागेत असतो. देव रुसत नाही. रुसतो आपण, आणि नाव त्याचं घेतो. आपल्या गावात दोनदा गप्प बसायचं, त्यांच्या गावात दोनदाच यायचं. ही मोजणी आपली. तो कितीदा आला ते त्याने मोजलेलं नाही. मोजलं असतं तर माझ्याकडे केव्हाच यायचा थांबला असता."

मग कासिल्दाने विचारले की ते सगळे ठीक, पण मेंढ्यांचे काय. फिदेन्सियो मागून म्हणाला की चार गेल्या तरी कळप कळपच असतो, आणि त्याला त्या दिवशी दोन तामाल जास्त मिळाले.

तर मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. वर्षातून एकदा बिजागऱ्यांना तेल घाला. कितीही राग आला तरी दारापुढे कपाट ठेवू नका. दाराची निगा म्हणजे त्याला पुसणे नव्हे, त्याला उघडणे. न उघडलेले दार कितीही पुसले तरी वाकडेच होते. आणि कुणी प्रेमाने ठोठावले, मग तो माणूस असो की देव, तर पहिल्याच वेळी उठा. हात पिठाचे असले तरी चालतील. उठूनही दार उघडले नाही, तर लाजून गप्प बसू नका, अडकलेय असे मोठ्याने सांगा. जो बाहेर उभा असतो त्याला ढकलता येते. फक्त ढकल म्हणून आतून सांगावे लागते.